अक्काची बोटं आणि राज्यावरचं कर्ज

नोव्हेंबर लागला की सोलापुरातल्या आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं एकमेकांना 'जेवलात का' विचारायच्या आधी 'दाखला झाला का' असं विचारतात. हयातीचा दाखला. आपण अजून आहोत हे वर्षातून एकदा कळवायचं, नाहीतर पेन्शन अडकते. माझं काम सोपं असतं. कोषागाराकडून बँकेत यादी आलेली असते. आपल्या नावापुढे सही करायची, रांगेत भेटलेल्या जुन्या सहकाऱ्यांच्या गुडघ्यांची आणि नातवंडांची चौकशी करायची आणि लक्ष्मी मार्केटमधून भाजी घेऊन घरी यायचं. शेजारच्या अक्काचं तसं नाही. तिची पेन्शन पीएफवाली. तिच्यासाठी यादी नाही, सही नाही, बोट लागतं. तिची तारीख खरं म्हणजे नोव्हेंबरातलीच असावी असंही काही नाही, पण गल्लीत सगळ्यांचं सुरू झालं की तिच्या जिवाला घोर लागतो. गेल्या नोव्हेंबरात ती दारात येऊन म्हणाली, "टीचर, माझ्यासंगं येताव का? त्या पोराला माझं बोलणं कळंना आणि मला त्याचं मशीन कळंना."

ई-सेवा केंद्र म्हणजे मागाच्या शेडला लागून काढलेला एक गाळा. भिंतीपलीकडे टॉवेलचे माग चालू होते, त्यामुळे टेबलावरचं ते बोट टेकवायचं यंत्रही जरासं थरथरत होतं. पोरगा भला होता. "आज्जी, दाबा. सोडा. परत दाबा. आता मधलं बोट." दिवा लागायचा, पडद्यावर इंग्रजीत काहीतरी यायचं आणि तो मान हलवायचा. दहाही बोटं झाली. ओल्या फडक्यानं पुसून झाली, कुणीतरी तेलाचा हात चालतो म्हटलं म्हणून केसांवरून फिरवून झाली. अक्का शेवटी हसायलाच लागली. "जन्मभर ह्याच बोटांनी विड्या वळल्या, आन आता मशीन म्हणायलंय ही बोटं माझी नव्हंत."

मागच्या बाकावर एक निवृत्त गृहस्थ बसले होते. चांगल्या हुद्द्यावरून उतरलेले असावेत, बोलण्यात तो ठहराव होता. मुलाकडे पुण्याला जायचं म्हणून दाखला ऑनलाइनच काढून टाकू, असा त्यांचा विचार. हातात मोबाइल, मोबाइलवर बातमी. मला उद्देशून म्हणाले, "नऊ लाख बत्तीस हजार कोटी. राज्यावर कर्ज. सरकार तरी कुणाकुणाला पोसणार, सांगा मॅडम?" ते अक्काविषयी बोलत नव्हते, बातमीविषयीच बोलत होते. स्वरही खवचट नव्हता, हवापाण्याविषयी बोलावं तसा होता. मी 'हं' म्हटलं. अक्काला तो आकडा कळला नसावा. पण 'पोसणार' एवढं बरोबर कळलं, कारण तिनं यंत्रावरचा हात काढून पदरात घेतला.

ते मनातून जाईना.

शेवटी पोरानं मोबाइलवर तिचा चेहरा टिपला. डोळे मिचकवा म्हणाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या अक्कानं गालांसकट सगळा चेहराच मिचकवला, ते त्या ॲपला पसंत पडेना. बऱ्याच खटाटोपानंतर हिरवी खूण आली आणि अक्का सरकारदरबारी आणखी एका वर्षासाठी जिवंत झाली. तोवर मी तिचा हात हातात घेऊन बसले होते, आणि इतक्या वर्षांच्या शेजारात तिची बोटं मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहत होते. अंगठा आणि तर्जनी यांच्या पेरांवर रेषाच नाहीत. पाट्यावर मधोमध वाटून वाटून दगड जसा गुळगुळीत होतो, तशी कातडी. नखांच्या कडेला तंबाखूचा तपकिरी रंग, तो काम सुटून कितीतरी वर्षं झाली तरी गेलेला नाही. उजव्या तर्जनीच्या बाजूला दोऱ्यानं पाडलेली एक बारीक खाच. तेंदूचं पान रात्री भिजवायचं, सकाळी पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, मांडीवरच्या सुपात तंबाखू, चिमूट भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा. दिवसाला हजार विड्या वळायच्या म्हणजे एकेका बोटाचं घासणं दिवसातून काही हजार वेळा. कारखान्यात नेऊन दिल्यावर त्यातल्या काही 'छाट' म्हणून बाजूला निघायच्या, त्यांचे पैसे नाहीत. पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही हे नवं नाही. दुपारी कुठल्याही ओट्यावर चार-पाच जणी सुपं घेऊन बसलेल्या, तोंडानं तेलुगूत गप्पा आणि हात यंत्रासारखे. लहानपणी मला वाटायचं की त्यांचे हात त्यांचं ऐकतच नाहीत, आपले आपण चालतात.

घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हणायचं की नाही, यावर या देशात मोठी कोर्टबाजी झाली आहे. मालक म्हणत, ती आमच्या कारखान्यात येतच नाही, मग कसला पीएफ? १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की घरी बसून वळत असली तरी ती कामगारच, तिला भविष्यनिर्वाह निधी लागू. पुढे १६ नोव्हेंबर १९९५ पासून त्याला पेन्शन जोडली गेली, तीच ही कर्मचारी पेन्शन योजना, ईपीएस-९५. मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, वर केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. आणि हिशोब असा : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. सूत्र म्हणून त्यात वावगं काही नाही. पण त्यात अक्काचे आकडे घालून बघा. समजा पगार २,८०० धरला आणि भरलेली वर्षं २०, तर उत्तर ८०० रुपये. प्रत्यक्षात वर्षं चाळिसाच्या आसपास, पण सुरुवातीची सगळी सासूच्या कार्डावर गेली, मधली काही कुणी भरलीच नाहीत. २०१४ मध्ये केंद्रानं किमान १,००० रुपये पेन्शन ठरवली, म्हणून अक्काला हजार मिळतात. तेव्हापासून आजवर ते हजारच आहेत. त्याला महागाई भत्ता नाही. ७,५०० करा म्हणून देशभर आंदोलनं चालली आहेत, निवेदनं जातात, खासदार लोकसभेत प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात. तिकडे राज्य सरकार निराधारांना महिना १,५०० देतं. म्हणजे आयुष्यभर पैसे भरून मिळालेली पेन्शन ही निराधाराच्या मदतीपेक्षा कमी.

माझी पेन्शन किती हे मी इथं सांगणार नाही. अक्काला तर कधीच सांगितलेलं नाही, आणि तिनंही कधी विचारलेलं नाही, हा तिचा मोठेपणा. एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवायची. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, त्यावर वर्षातून दोनदा वाढणारा महागाई भत्ता. निवृत्तीच्या वेळी काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले, घराचा वरचा मजला काढला. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होईल. मला त्याची लाज वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. तीन पाळ्यांतल्या गिरणीच्या भोंग्यावर वाढलेली मी मुलगी. वडील गिरणीत होते. कुठल्या ते सांगत नाही. सोलापुरात कुठल्याही गिरणीचं नाव घेतलं तरी गोष्ट तीच आहे. निवृत्ती तोंडावर आली आणि गिरणीला कुलूप लागलं. देणी अडकली ती अडकली. वडील रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून गेटपर्यंत जाऊन यायचे, काही कळतंय का बघायला. आई तेव्हा आम्हा बहिणींना सांगायची, पगार दोन पैसे कमी असू दे, पेन्शनची नोकरी धरा. लग्न जमवतानासुद्धा 'मुलगा सरकारी आहे' या वाक्याचा खरा अर्थ 'म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला लागणार नाही' असाच असायचा. माझी आई वडिलांच्या मागं पुष्कळ वर्षं जगली, आणि औषधाच्या प्रत्येक बाटलीला ती मुलाच्या तोंडाकडे बघायची. मुलगा चांगला होता, तरी बघायचीच. ते बघणं ज्यानं पाहिलंय त्याला पेन्शन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

तर आता त्या गृहस्थांच्या आकड्याकडे येते. बाई अर्थशास्त्राची, आकडा दिसला की हात शिवशिवतो. १० मार्च २०२५ ला अजित पवारांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला, त्यात हे ९ लाख ३२ हजार कोटी आहेत, मार्च २०२६ अखेरचा अंदाज म्हणून. महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर. आकडे लहान नाहीत, आणि तूट वाढतेय हे खरंच आहे. पण त्याच कागदांत असंही आहे की हे कर्ज राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या, म्हणजे राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या, १९ टक्क्यांच्या आत बसतं आणि मर्यादा २५ टक्क्यांची आहे. 'कर्ज आवाक्यात आहे' हे वाक्य कंत्राटदारांना आणि उद्योगांना सांगायचं असतं तेव्हा हा टक्का पुढे येतो. 'तिजोरीवर बोजा आहे' हे कर्मचाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना सांगायचं असतं तेव्हा कोटींचा आकडा पुढे येतो. कर्ज एकच. वर्गात मी मुलांना सांगायची, सरकारचं कर्ज आलं की लगेच घरच्या उधारीचं उदाहरण देऊ नका रे, सरकार साठाव्या वर्षी निवृत्त होत नाही. आणखी एक गोष्ट विचारायची, जिचं उत्तर दर वर्षी जेमतेम एखाद्याला यायचं : सरकारला हे पैसे देतं कोण? मुलं म्हणायची, जागतिक बँक. थोडंफार तेही असतं. पण राज्याच्या कर्जाचा मोठा भाग बाजारात विकलेल्या रोख्यांचा असतो, आणि ते रोखे घेतात बँका, विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह निधी. पीएफमध्ये कापलेल्या पैशाचा मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत जातो, त्यात राज्यांचेही रोखे असतात.

म्हणजे त्या गाळ्यात सरकारला पोसणारं कुणी बसलं असेल, तर त्यात अक्काही होती.

हे मला त्या वेळी सुचलं असतं तर त्या गृहस्थांना सांगितलं असतं. सुचलं घरी आल्यावर, शेंगा भाजताना. अशा गोष्टी कढई गॅसवर असतानाच सुचतात आणि मग शेंगा करपतात.

आमच्या स्टाफरूममध्ये एक तारीख होती, १ नोव्हेंबर २००५. राज्यानं ठरवलं की या तारखेला किंवा त्यानंतर जो लागेल त्याला माझ्यासारखी जुनी पेन्शन नाही. केंद्रानं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १ जानेवारी २००४ पासून तसंच केलं होतं, राज्य मागोमाग गेलं. दिल्लीत तेव्हा वाजपेयींचं सरकार होतं, इकडे विलासरावांचं. या एका बाबतीत पक्षांचं किती पटतं बघा. पगाराच्या दहा टक्के कापायचे, तेवढेच सरकारनं घालायचे, पुढे सरकारचा हिस्सा चौदा झाला, आणि जमलेल्या पैशातून शेवटी साठ टक्क्यांपर्यंत हातात, उरलेल्याचं विमा कंपनीकडून वर्षासन, म्हणजे ठरावीक पेन्शन. बाजार चढला तर चांगलं, पडला तर नशीब. २००५ मध्ये यावर आमच्या स्टाफरूममध्ये किती चर्चा झाली, हे मी आठवून बघितलं. झालीच नाही. का होईल? तिथं बसलेल्या प्रत्येकाची पेन्शन शाबूत होती. ज्यांची गेली ते अजून डी.एड., बी.एड. करत होते, काही तर माझ्याच वर्गात बारावीला बसले होते. कपात करायची तर अशी करावी. जो आज ओरडू शकतो त्याच्या ताटाला हात लावायचा नाही, जो अजून पंगतीत बसलेलाच नाही त्याचं पान कमी करायचं. ज्या कुणा अधिकाऱ्यानं हे सुचवलं असेल, तो हुशार असणार. एकाही दिवसाचा संप न होता राज्यानं पुढच्या पिढीचं म्हातारपण कागदावरून खोडलं.

आमचे गणिताचे सर त्या तारखेच्या रेषेवरच सापडले. नेमणूक २००४ ची, पण त्या वेळी तुकडी शंभर टक्के अनुदानावर नव्हती. शंभर टक्के झाली ती रेषेनंतर. म्हणून ते पलीकडे. त्यांच्यासारखे राज्यात पुष्कळ आहेत, त्यांची प्रकरणं कोर्टात फिरताहेत. शेजारच्या खुर्चीवर बसून, तोच वर्ग, तेच पेपर, तीच सुपरव्हिजन करून माझ्या आणि त्यांच्या म्हातारपणात एवढं अंतर. सुरुवातीला कपात व्हायची तिचा हिशोबच मिळायचा नाही. पगारातून पैसे जाताहेत, पावती नाही. सर गणिताचे, त्यांनी वहीत स्वतःचा हिशोब ठेवला होता, पेन्सिलीनं, व्याजासकट. कुणी चिडवलं तर म्हणायचे, "माझ्या पैशाची हयात मीच नोंदवायलोय." पुढे एक तरुण सहकारी अपघातात गेला, तेव्हा त्याच्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन नाही म्हणून समजलं, आणि त्या दिवशी स्टाफरूममध्ये पहिल्यांदा सगळे गप्प बसले. रेषेच्या अलीकडचेही.

मग सुरू झाला सौदा. मी त्याला सौदाच म्हणते, वाईट अर्थानं नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं, जुनी पेन्शन देता येणार नाही, १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. त्याच महिन्यात हिमाचलमध्ये जुन्या पेन्शनचं आश्वासन देऊन काँग्रेस निवडून आली. राजस्थान, छत्तीसगड आधीच परत फिरले होते. जानेवारीत इकडे शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका लागल्या, आणि त्याच मुद्द्यावर 'आम्ही नकारात्मक नाही' अशी भाषा आली. फेब्रुवारीत नागपूरची शिक्षकांची जागा भाजपच्या पाठिंब्यावरच्या उमेदवारानं गमावली. १४ मार्चला संप. राज्याचं कर्ज डिसेंबर ते मार्च या तीन-चार महिन्यांत काही कमी झालं नव्हतं. बदललं ते दुसरंच काहीतरी.

त्या संपात मी पूनम गेटला गेले होते. निवृत्त बाईचं तिथं काय काम, असं घरी विचारलं गेलंच. सोलापुरातला मार्च, डांबर मऊ पडायला लागलेलं, जिल्हा परिषदेच्या भिंतीची सावली मिळेल तेवढ्या पट्ट्यात बायका बसलेल्या, नर्सेस, लिपिक, ग्रामसेवक, माझेच काही विद्यार्थी आता पांढऱ्या टोप्या घालून. टोपीवर 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. गणिताचे सर माईकवर गेले आणि भाषणाऐवजी त्यांनी वही काढून आकडे वाचायला सुरुवात केली. लोकांनी पाच मिनिटं ऐकलं, मग मागून कुणीतरी ओरडलं, "सर, पुरे की बे, परीक्षा हाय का हितं?" सगळे हसले, सरही हसले. रस्त्याच्या पलीकडे रिक्षा स्टँड. एक रिक्षावाला मला म्हणाला, "मावशी, ह्यांना पगार हाय, वर पेन्शन पायजे. आमाला काय?" त्याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्याच्या प्रश्नातला शेवटचा शब्द अगदी बरोबर होता. मांडवातल्या एकाही फलकावर रिक्षावाला नव्हता. अक्काही नव्हती.

२० मार्चला मुख्यमंत्री शिंदेंशी चर्चा होऊन संप मिटला, तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती आधीच नेमली होती. संपाच्या दबावामुळेच असेल, ३१ मार्चला नव्या पेन्शनवाल्यांनाही सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू झालं. इतक्या वर्षांनी. त्या तरुण सहकाऱ्याच्या बायकोला मी फोन केला तेव्हा ती आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली, "आता काय काय कागद लागतील?" समितीला तीन महिने दिले होते, त्यांचे कितीतरी जास्त झाले. १४ डिसेंबर २०२३ ला पुन्हा संपाची हाक, पुन्हा आश्वासन, माघार. लोकसभेची आचारसंहिता लागायला थोडे दिवस उरले असताना, मार्च २०२४ मध्ये, शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनची सुधारित योजना जाहीर झाली. विधानसभा तोंडावर असताना, २४ ऑगस्टला शनिवारी, केंद्रानं यूपीएस ही एकत्रित पेन्शन योजना आणली आणि रविवारी राज्याच्या मंत्रिमंडळानं ती स्वीकारलीसुद्धा. दिवाळखोरीचं काय झालं, हे मग कुणी विचारलं नाही. मी पेन्शन मागणाऱ्यांच्या बाजूची आहे, तरी हे मला खुपतं. पैसे खरोखरच नसतील तर निवडणुकीआधी कुठून येतात? आणि असतील तर निवडणुका नसताना कुठं जातात?

त्याच उन्हाळ्यानंतर लाडकी बहीण आली. अक्काच्या सुनेला महिन्याला १,५०० मिळतात. अक्काला नाहीत, ती पासष्टीच्या पुढची. सून हुशार, तिनं पहिल्या पैशातून शिलाई मशीनची मोटर बसवून घेतली. स्वतःच्या नावावर, नवऱ्याला न विचारता आलेला तो तिचा पहिला पैसा. त्याला रेवडी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेला ३६ हजार कोटी आहेत, आदल्या वर्षी ४६ हजार कोटी होते. निवडणुकीत १,५०० चे २,१०० करू म्हटलं होतं, ते राहिलंच, उलट निकषांची चाळण लागली. आणि तरीही अक्काच्या ओट्यावर संध्याकाळी बसलं की हिशोब डोक्यात फिरतो. एकाच स्वयंपाकघरात दोन पासबुकं. एकात काहीही न भरता आलेले पंधराशे, एकात बोटांच्या रेषा भरून आलेले हजार. सून गंमतीनं म्हणते, "अत्तम्मा, तुमच्यापेक्षा माझी पेन्शन जास्त." अक्का म्हणते, "तुझी इलेक्शनपर्यंतची, माझी मरेपर्यंतची." राज्याच्या वित्त विभागात कुणी एवढ्या नेमक्या शब्दांत मांडलं असेल असं मला वाटत नाही.

आमदारांच्या पेन्शनविषयी लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण ते फार सोपं आहे. २०१६ मध्ये ती ५० हजार झाली, तेव्हा सभागृहात कुणाला कर्ज आठवलं नाही, एवढं सांगून पुढं जाते.

गणिताचे सर परवा आले होते. त्यांना विकल्प भरायचाय. आहे ती नवी पेन्शन, म्हणजे एनपीएस, ठेवायची, राज्याची सुधारित घ्यायची की यूपीएस. नेहमीची वही होतीच. मी चहा ठेवला, त्यांनी तिन्हींचे रकाने मांडले. त्यांची तक्रार रास्त आहे : जुन्या पेन्शनमध्ये तुमचं काही कापलं जात नव्हतं, इथं आयुष्यभर दहा टक्के द्यायचे, पेन्शन निम्म्या पगाराची हवी तर जमलेला पैसा सरकारकडे सोडायचा. "माझेच पैसे घेऊन मलाच पेन्शन देणार आणि वर बोजा म्हणणार." मी म्हटलं, सर, बोलायचंच तर जरा शेजारी चला. पाणी यायचा दिवस होता, आमच्याकडे चार-पाच दिवसांतून एकदा येतं, त्यामुळे अक्का हंड्यांच्या गराड्यात. सरांनी तिथंच ओट्यावर बसून तिचं पासबुक बघितलं. सत्तरनं भागायचं सूत्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर ते मांडलं, दोनदा तपासलं, आणि म्हणाले, "हे चुकलंय कुठंतरी." चुकलेलं नव्हतं.

परत येताना मी त्यांना सांगितलं, पुढच्या संपाच्या मागण्यांत ईपीएसच्या किमान पेन्शनची मागणी घाला. शेवटची नको, पहिल्या पाचांत. कोषागार बंद पाडायची ताकद तुमच्यात आहे, अक्कानं विड्या वळणं थांबवलं तर फार तर पानपट्टीवर जाणवेल. सर म्हणाले, "मॅडम, ते केंद्राचं आहे. आपल्या राज्याच्या कक्षेत येत नाही." मी म्हटलं, यूपीएसही केंद्राचीच होती, शनिवारी आली आणि रविवारी तुमच्या कक्षेत बसली. सर थांबले. मग म्हणाले, कार्यकारिणीत विरोध होईल, लोक म्हणतील आपलंच अजून पुरतं मिळालेलं नाही, त्यात हे कशाला. होईलच विरोध. २००५ मध्ये आमच्याकडेही हेच म्हटलं गेलं असतं, कुणी विषय काढला असता तर. सरांनी वही पिशवीत टाकली, चपला घातल्या आणि विचारलं, "ते १.१६ टक्के केंद्र घालतं म्हणालात, ते कितीच्या पगारापर्यंत?" पंधरा हजारांपर्यंत, म्हटलं. २०१४ पासून तीच मर्यादा आहे. त्यांनी दारातच वही पुन्हा बाहेर काढली.